खाकी आणि खरारा

अपघातातला मृतदेह उचलायचा, त्याच्या घरी निरोप द्यायचा आणि लगेच पुढच्या बोलावण्याला हजर व्हायचं, हे पोलिसांचं काम. मनात साचलेलं बोलावं, तर साहेबांना काय वाटेल, हत्यार जमा करायला लावतील का, ही धास्ती. अमेरिकेत जानेवारी २०१८ मध्ये पोलिसांच्या मानसिक आरोग्यासाठी वेगळा कायदाच झाला. तिथं समुपदेशनाच्या जोडीला काही ठिकाणी घोड्यांचीही मदत घेतात.

यात रपेट बहुधा नसतेच. घोड्याजवळ जायचं, खरारा करायचा, दोर धरून त्याला चालवायचं. घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. समोरच्याचे आवळलेले खांदे, रोखलेला श्वास त्याला चटकन जाणवतो. मग तो कान मागे पाडतो, अंग चोरतो. तिथं हुकूम सोडून उपयोग नाही! माणूस सैलावला, की तोही मान खाली सोडतो. शेजारी उभा असलेला समुपदेशक तेवढ्यावरून बोलणं काढतो. ‘तुम्हाला काय होतंय’ यापेक्षा ‘घोडा का बिचकला’ याचं उत्तर देणं सोपं जातं.

यावरचं संशोधन अजून बरंचसं लहान गटांपुरतं आहे, तेव्हा सगळी भिस्त घोड्यावर टाकू नये. आणि लांबलेल्या पाळीमुळे झोपच पुरी होत नसेल, तर घोडा तरी काय करणार? मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तोही एका शिपायाच्याच सूचनेवरून.