भरपाईतून उभी राहिलेली विमानसेवा

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



आपल्या सभागृहाची जागा विकावी की नाही, यावर सध्या बोलणे चालू आहे. त्यावर आम्ही आज मत देणार नाही, एक गोष्ट सांगतो. सरकारी नोकरीत आम्ही भरपाईचे धनादेश पुष्कळ पाहिले. घरावर मजला चढतो, गाडी येते, थाटात लग्न होते. चार वर्षांनी जमीनही नसते आणि पैसाही नसतो.

कॅनडात क्युबेक प्रांताच्या उत्तर टोकाला नुनाविक हा प्रदेश आहे. तिथे इन्युइट लोकांची 14 गावे आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही. जहाज येते ते बर्फ वितळल्यावरच. 1971 मध्ये प्रांत सरकारने जेम्स बे भागातील नद्यांवर मोठा जलविद्युत प्रकल्प जाहीर केला, तोही तिथल्या मूळ रहिवाशांना न विचारता. क्री आणि इन्युइट कोर्टात गेले. 1973 मध्ये काम थांबवण्याचा हुकूम मिळाला, पण आठवड्याभरात वरच्या कोर्टाने तो उठवला. अखेर 1975 मध्ये करार झाला. दोन्ही समाजांना मिळून साडेबावीस कोटी डॉलर भरपाई ठरली.

त्यासाठी जमिनीवरचे पिढीजात हक्क सोडावे लागले. पुविर्निटुक आणि इवुजिविक या गावांनी म्हणूनच करार नाकारला. त्यांचे दुःख खोटे नव्हते.

पण आलेला पैसा इन्युइटांनी घरटी वाटून संपवला नाही. तो सांभाळायला ‘मकिविक’ ही संस्था काढली आणि 1978 मध्ये एका छोट्या बीव्हर विमानावर ‘एअर इन्युइट’ सुरू झाली. क्री लोकांनीही 1982 मध्ये ‘एअर क्रीबेक’ काढली. एअर इन्युइटच्या काही विमानांत पुढे माल आणि मागे माणसे बसतात. भाजी, टपाल, औषधे, दवाखान्यात निघालेला रोगी, सगळे विमानानेच जाते. तिकीट स्वस्त नाही. अंतर लांब आणि प्रवासी थोडे. पण विमान कंपनी त्यांच्या स्वतःच्या मालकीची आहे. करार नाकारणाऱ्या त्या दोन गावांतही तिचेच विमान उतरते.

सर्वसाधारण सभेत हात वर करण्यापूर्वी एवढेच विचारावे: येणाऱ्या पैशातून नातवंडांसाठी काय उभे राहील?

गणपती बाप्पा मोरया!