सांत्वन करणारें घर
(ज्युबिली महोत्सवानिमित्त पालकसभेंत दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल प्रसंगीं आईबापांच्या कर्तव्याविषयीं चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. कर्तव्यांची यादी आपणां सर्वांस पाठ आहे: मुलांचा स्नानसंस्कार, धर्मशिक्षण, रविवारची मिस्सा, सायंकाळची जपमाळ. ती मी पुन्हा वाचीत नाहीं. मला विचारावयाचें आहे तें इतकेंच कीं, देव आपणांशीं जसा वागतो, तसे आपण मुलांशीं वागतों काय?

शास्त्रांत देवास पिता म्हटलें आहेच. परंतु यशया संदेष्ट्यानें देवाच्या सांत्वनास आईच्या सांत्वनाची उपमा दिली आहे, आणि होशेयानें तर लेंकराचे हात धरून त्यास चालावयास शिकविणारा देव दाखविला आहे. चालावयास शिकणारें मूल पडतेंच; पडलें म्हणून त्यास कोणी मारीत नाहीं. मग तेंच मूल दहा वर्षांचें झालें, जपमाळेच्या वेळीं पेंगूं लागलें, कीं त्याच्या पाठींत धपाटा कां बसावा? ज्या हातानें आपण त्याच्या कपाळावर क्रुसाची खूण करतों, तोच तो हात असतो.

हें कोणास क्षुल्लक वाटेल. संत ऑगस्टिनास तें क्षुल्लक वाटलें नाहीं. ३५४ सालीं आफ्रिकेंतील तागास्ते गांवीं जन्मलेल्या या महापंडितानें चाळिशी उलटल्यावर, बिशप झाल्यावर, आपला आत्मनिवेदनाचा ग्रंथ लिहिला. शाळेंत मार बसूं नये म्हणून आपण लहानपणीं देवाची कशी विनवणी करीत होतों, आणि आपले वळ पाहून वडील माणसें, प्रत्यक्ष आईबापसुद्धां, कशीं हंसत, हें तो तेव्हांही विसरला नव्हता. त्या आईबापांत संत मोनिकाही आली! संतांच्या घरींही असें घडतें, ही गोष्ट मला तर धीर देते.

पुढें मुलगा मोठा झाला आणि मानी नांवाच्या माणसानें काढलेल्या पाखंडी पंथाच्या नादीं लागला. मोनिकेनें त्यास घरांत व आपल्या पंक्तीस घेण्याचें नाकारलें. तिचा संताप धर्मासाठींच होता. आपल्यांतही अशीं दारें आज बंद आहेत, आणि तीं कोणत्या घरांचीं, हें त्या त्या घरास ठाऊक आहे. परंतु एका स्वप्नांत तिला आश्वासन मिळालें कीं, ती जेथें उभी आहे तेथें तोही येईल. आणि तिनें दार उघडलें. मुलाचें मत तेव्हां तसूभरही बदललें नव्हतें. त्यास अद्याप जवळजवळ नऊ वर्षें अवकाश होता! हें नीट ध्यानांत घ्यावें: दार उघडलें तें पश्चात्तापानंतर नव्हे, त्याच्या आधीं. उधळ्या पुत्राच्या बापानेंही मुलगा दूर असतांनाच धांव घेतली. त्याची क्षमायाचना मागाहून ऐकली, आणि तीही पुरती होऊं दिली नाहीं.

माझ्या मुलाशीं वाद घालून त्याची समजूत काढा, अशी गळ तिनें एका बिशपास घातली. त्यानें नकार दिला. त्यास तूर्त तसाच असूं दे, तूं केवळ प्रार्थना कर, असें सांगितलें. ३८३ सालीं तोच मुलगा आईस फसवून रात्रीं कार्थेजहून रोमकडे जाणाऱ्या गलबतांत बसला. ती मागाहून इटलींत गेली. ३८७ च्या ईस्टरला मिलान येथें संत अँब्रोज यांच्या हस्तें ऑगस्टिनाचा स्नानसंस्कार झाला, आणि त्याच वर्षीं ओस्तिया बंदरांत ती ज्वरानें अंथरुणास खिळली.

त्या शेवटच्या आजारांत मुलगा शुश्रूषा करीत असतां ती त्यास गुणी म्हणे, आणि त्याच्या तोंडून आपणांस कधीं कठोर शब्द ऐकावा लागला नाहीं, असें मोठ्या मायेनें सांगे. रात्रीं किनाऱ्यावर टाकून गेलेला मुलगा तो हाच. तिचे डोळे त्यानेंच मिटविले.