धरणाचा आलेख गावाच्या पानावर

(वाशिंद येथे पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



भातसा नदीच्या काठी बसून धरणाविषयी बोलताना आकडे शोधण्यास दूर जावे लागत नाही. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांचा उपयुक्त साठा महानगरपालिका १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरते. त्यांपैकी ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मा साठा, एकट्या भातसाचा आहे. आणि याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणूनच धरणसाठ्याचा आलेख ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळावर दिसावा, ही आपली अपेक्षा मला रास्त वाटते.

मात्र तो तेथे कसा आणावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आलेखाचे चित्र काढून पानावर चिकटविणे सर्वांत सोपे. परंतु चित्र त्या दिवसापुरतेच खरे असते. एका कार्यालयाच्या पानावर ऑगस्टमध्ये लावलेले भरल्या धरणाचे चित्र मी पुढील मे महिन्यात पाहिले आहे. टँकरचा अर्ज घेऊन आलेल्या सदस्याने ते पाहून काय समजावे?

यावर उपाय म्हणजे पानात आलेखदर्शक बसविणे. आपल्या पानावर एक चौकट मोकळी ठेवावयाची. तिच्यातील आलेख मूळ विभागाच्या संगणकावरून येतो आणि तेथील नोंद बदलली की, पान पुन्हा उघडताच येथेही बदलतो. घराच्या भिंतीला खिडकी पाडावी, तसे हे आहे. मात्र ज्याचा आलेख आहे त्याने अशी चौकट बसविण्यास आपल्या यंत्रणेत मुभा दिलेली असली पाहिजे. नाहीतर चौकट कोरीच राहते. चौकटीची रुंदी ठराविक मापात न देता पानाच्या प्रमाणात द्यावी, कारण बहुतेक ग्रामस्थ ती मोबाईलवरच पाहणार.

आता शिक्षक मित्रांसाठी थोडे गणित. धरणाच्या नोंदीत भातसाचा उपयुक्त साठा सुमारे ९४२ दशलक्ष घनमीटर आहे. महानगरपालिकेच्या हिशेबात तोच सुमारे ७१७ दशलक्ष घनमीटर भरतो. समजा, १०० दशलक्ष घनमीटर पाणी उतरले, तर एका आलेखात घट सुमारे ११ टक्के दिसेल आणि दुसऱ्यात १४. दोन्ही बरोबर, पण ग्रामसभेत भांडण मात्र हमखास! तेव्हा टक्केवारी कोणत्या साठ्यावर काढली, ती कोणाची आणि कोणत्या तारखेची, हे आलेखाच्या चौकटीलगतच लिहिलेले असावे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांकडून हे उदाहरण सोडवून घेण्यासही हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. चौकटीखाली ताजा आकडा व तारीख साध्या अक्षरांत एका ओळीत द्यावी. पाड्यावर, जेथे मोबाईलचे जाळे क्षीण असते, तेथे आलेख उघडण्याआधी तीच ओळ वाचली जाईल.