नाव लावायचं की लपवायचं?

हल्ली आपल्या किनाऱ्यावर संशोधक येतात ते वहीबरोबर कॅमेरा घेऊन. रापण ओढणारे मच्छीमार, कालवं काढणाऱ्या बायका, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत कांदळवनाची सफर घडवणाऱ्या महिला, सगळ्यांच्या गोष्टी त्यांच्याच तोंडून चित्रित होतात. चांगलंच आहे. पण पुढे त्या गोष्टीवर सत्ता कुणाची?

संमतिपत्रात बहुधा लिहिलेलं असतं, तुमचं नाव गुप्त राहील. ऐकायला सभ्य वाटतं. (आपल्या गावात माणूस नुसत्या आवाजावरूनही ओळखतात, ते सोडा.) हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा मात्र उलट केलं. ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव टिपून ठेवलं. 2017 पासून ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या, त्याही गाणाऱ्या बायकांच्या नावांनिशी. नाव गाळलं असतं तर गाणारीची ओवी ‘लोकसाहित्य’ म्हणून बेवारस झाली असती.

मग नाव नेहमीच लावावं? आपल्याकडे तेवढं सोपं नाही. 1987 साली मालवणच्या समुद्रात 29.12 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, त्याला मच्छीमारांनी विरोध केला. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीचा वाद तर घराघरात. अशा विषयावर एखादा होडीवरचा तांडेल मनातलं बोलला आणि ते नावासकट फिरलं, तर संशोधक तोवर पुण्या-मुंबईला पोचलेला असतो. तांडेलाला उद्या त्याच बंदरावर उभं राहायचं असतं.

शिवाय मासळीच्या जागा. कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या रेषेत आला की जाळं टाकायचं, हे ज्ञान एकट्याचं नसतं, ते पिढ्यांनी वाडीत जपलेलं असतं. एकाच्या सहीवर ते जगजाहीर कसं करणार?

माझं म्हणणं असं, की संमती दोनदा घ्यावी. एकदा चित्रीकरणाआधी, आणि व्हिडिओ तयार झाल्यावर वाडीत बसून, सगळ्यांना दाखवून, पुन्हा. नावाचं तेव्हाच विचारावं, आणि मालवणीत विचारावं. ‘ह्यां काढून टाक’ म्हटलं तर काढावं, मग तोच तुकडा सगळ्यांत रंगतदार का असेना. बहुधा तोच असतो. मूळ चित्रीकरणाची एक प्रत गावाच्या वाचनालयात ठेवावी. आणि व्हॉट्सअॅपवर पसरलेला व्हिडिओ कुणालाच परत आणता येत नाही, हे सहीच्या आधी सांगावं, नंतर नव्हे.