मांजराचं तोंड वाचायला शिका

(साक्षरता वर्गात दिलेलं भाषण)



तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. घ आणि ध ही दोन अक्षरं तुम्हांला सुरुवातीला सारखीच वाटली असतील. फरक जरासाच आहे. पण तो नीट पाहिला नाही तर 'धन' लिहिलेलं असतं आणि आपण 'घन' वाचतो. अक्षराचा त्यात दोष नसतो. दोष आपल्या वाचण्याचा असतो.

तोंडाचंही तसंच आहे. आज मी मांजराच्या तोंडाविषयी बोलणार आहे. हसू नका. मांजराचं तोंड चुकीचं वाचल्यामुळं माझ्या हातून एक पाप होता होता राहिलं. ती गोष्ट आधी सांगतो.

1988 साल. मी एका आडगावच्या शाळेत मास्तर होतो. शाळेच्या पडवीत एक मांजर येऊन राहिलं. सगळं अंग पांढरं. एक डोळा पिवळा आणि दुसरा निळा. गावात बोलणं सुरू झालं, "हे काही खरं मांजर नव्हे. हाड्‌ म्हटलं तरी हलत नाही. ओरडलं तरी मागं पाहत नाही. नुसतं बसून राहतं." त्याच आठवड्यात एका घरची म्हैस एकाएकी दूध कमी द्यायला लागली. झालं! दोन रंगांच्या डोळ्यांची नजर लागली, असं ठरलं. चार माणसं गोणपाटाचं पोतं घेऊन माझ्याकडं आली. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडं सोडायचं म्हणाली. सोडायचं की बुडवायचं, ते मी विचारलं नाही. मी हो म्हटलं. शिकलेला माणूस मी, पण गावाशी वाकडं कशाला, असा विचार केला.

त्या दिवशी गुरांचे डॉक्टर फऱ्या-घटसर्पाची लस टोचायला गावात आले होते. पोतं पाहून ते थांबले. त्यांनी मांजराच्या पाठीमागं उभं राहून थाळीवर पळी वाजवली. थाळी हातात उंच धरली होती. आम्ही दचकलो. मांजराचा कान सुद्धा हलला नाही. मग त्यांनी जमिनीवर जोरानं पाय आपटला. मांजर चटकन मागं वळलं. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, याला भूतबीत काही नाही. हे बहिरं आहे. जमिनीचा हादरा कळतो, आवाज कळत नाही."

मग त्यांनी म्हैस पाहिली. तिच्या एका सडात दगडीची सुरुवात होती. उपचार झाले आणि म्हैस दूध द्यायला लागली. मांजराचा आणि दुधाचा काही संबंध नव्हता.

आता तुम्ही विचाराल, एक डोळा निळा का झाला? आणि त्याचा बहिरेपणाशी काय संबंध?

पाटाच्या पाण्याचा दाखला घ्या. पाट वरून निघतो. जवळच्या वाफ्यांना पाणी भरपूर मिळतं. शेवटच्या वाफ्यांपर्यंत कधी पोचतं, कधी पोचत नाही. मांजराचं पिल्लू पोटात वाढत असतं तेव्हा रंगाचे कण असेच निघतात. ते पाठीच्या कण्याच्या बाजूनं निघून अंगभर पसरतात. ते कमी पडले तर पोट, पंजे, हनुवटी आणि नाकाजवळचा भाग कोरडा, म्हणजे पांढरा राहतो. म्हणून पुष्कळ मांजरांची पाठ काळी असते आणि पोट पांढरं असतं. कुणाच्या कपाळावर पांढरा टिळा असतो, तर कुणाला नाकाखाली मिशी काढल्यासारखा डाग असतो. हा कोणी ओढलेला गंध नव्हे. पाणी जिथं थांबलं तिथली ती खूण आहे.

डोळ्यातल्या पडद्यात रंग पोचला नाही तर डोळा निळा दिसतो. निळा रंग तिथं भरलेला नसतो. आभाळात कुठं नीळ कालवलेली असते? तरी ते निळं दिसतं. उजेडाचाच तो खेळ. एका डोळ्यात रंग पोचला आणि दुसऱ्यात नाही, तर दोन डोळे दोन रंगांचे होतात. पण घाई करू नका. मांजराच्या सगळ्याच पिल्लांचे डोळे आधी निळसर असतात. खरा रंग दीड-दोन महिन्यांनी दिसू लागतो.

याच रंगकणांचं कानाच्या आतही काम असतं. ते तिथं नसले तर ऐकण्याचा भाग जन्मानंतर थोड्याच दिवसांत निकामी होतो. म्हणून सगळं अंग पांढरं आणि डोळे निळे अशी पुष्कळ मांजरं बहिरी असतात. एकच डोळा निळा असेल आणि एक कान गेला, तर तो बहुधा त्याच बाजूचा असतो. आमच्या मांजराचे दोन्ही गेले होते. सगळीच पांढरी मांजरं मात्र बहिरी नसतात. ही गोष्ट नवी नाही. डार्विन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1859 साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथात ती नोंदवून ठेवली आहे.

आपण ज्याला अपशकुनी म्हणतो त्याचा दुसरीकडं मान होतो, हेही ऐका. तुर्कस्तानात व्हान नावाचं शहर आहे. तिथं पांढरी, दोन रंगांच्या डोळ्यांची मांजरं फार आवडीची आहेत. शहरात त्यांचा पुतळा उभारला आहे, आणि तिथल्या विद्यापीठानं ती जपण्यासाठी खास जागा केली आहे. डोळे तेच. एका गावात पोतं, दुसऱ्या गावात पुतळा.

आता दुसरं तोंड पाहू. नाकाच्या सरळ रेषेत अर्धं काळं, अर्धं तांबडं. असं पिल्लू निघालं की म्हातारी माणसं कपाळाला हात लावतात. अमेरिकेत व्हीनस नावाची एक मांजर अशी होती. काळ्या बाजूचा डोळा हिरवा, तांबड्या बाजूचा निळा. 2012 साली तिची छायाचित्रं जगभर गेली. ती काही राजवाड्यातली नव्हती. एका गोठ्यावर सापडलेली भटकी मांजर होती.

काळा आणि तांबडा रंग एकाच अंगावर बहुतेक करून भाटीच्या, म्हणजे मादीच्याच दिसतो. का? आईबापांकडून पिल्लाला गुणांच्या चिठ्ठ्या मिळतात असं समजा. काळं की तांबडं, ही चिठ्ठी भाटीला दोन मिळतात. एक आईची, एक बापाची. बोक्याला एकच मिळते, आईची. भाटीच्या अंगाचा प्रत्येक कण दोनांपैकी एक चिठ्ठी उघडतो आणि दुसरी मिटून ठेवतो. जिथं काळ्याची चिठ्ठी उघडली तिथं काळं, तांबड्याची उघडली तिथं तांबडं. ठिगळं कुठं पडतील त्याचा नेम नसतो. कधी बरोबर नाकावर हद्द पडते, एवढंच. अशा तीन हजार मांजरांत एखादा बोका निघतो. त्याला चुकून एक चिठ्ठी जास्त मिळालेली असते, आणि त्याला बहुधा पिल्लं होत नाहीत.

चिठ्ठी मिटून ठेवण्याची ही युक्ती इंग्लंडमधल्या मेरी लायन या बाईंनी 1961 साली उंदरांच्या अभ्यासातून मांडली. म्हणजे पाहा, मांजराचं कोडं उंदरानं सोडवलं! तांबड्या रंगाची नेमकी चिठ्ठी जपानच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी शोधली, आणि 2025 साली ती जगापुढं मांडली.

आपल्या गावठी मांजरांत इतकी निरनिराळी तोंडं दिसतात याचं आणखी एक कारण आहे. भाटीच्या एकाच वेतातली पिल्लं वेगवेगळ्या बोक्यांची असू शकतात. एक पट्टेरी, एक काळं, एक कबरं. त्यात नवल नाही आणि कोणाची करणीही नाही.

ही झाली जन्मानं मिळालेली तोंडं. दुसरी तोंडं वयानं आणि मारामारीनं मिळतात. मोठा बोका पाहिला असेल. गाल फुगलेले, मान जाड, कान फाटके. पोरं त्याला भितात. पण ते गाल म्हणजे त्याची ढाल आहे. वयात आल्यावर नराच्या तोंडाची कातडी जाड होते, म्हणून दुसऱ्या बोक्याचे दात खोल जात नाहीत. लहानपणीच खच्ची केलेल्या बोक्याला असे गाल येत नाहीत. मुंबईसारख्या शहरात एखाद्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं दिसतं. ती मारामारीची खूण नव्हे. पिल्लं होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया झाली आहे, हे लांबून कळावं यासाठी ती खूण करतात.

तिसरी तोंडं मात्र रोगानं होतात. ती ओळखणं सर्वांत महत्त्वाचं, कारण तिथं इलाज करता येतो.

कानाच्या कडेपासून खपल्या धरतात. मग कपाळाची कातडी जाड होते आणि सुरकुत्या पडतात. केस जातात. तोंड म्हाताऱ्यासारखं, भयंकर दिसतं. लोक म्हणतात, चेटूक झालं. ती खरूज असते. डोळ्याला सहज दिसणार नाही असा बारीक किडा कातडीत घर करतो. गुरांच्या दवाखान्यात औषध मिळतं आणि मांजर बरं होतं. रॉकेल, डिझेल किंवा जळकं ऑईल लावू नका. मांजर अंग चाटतं आणि ते विष पोटात जातं. माणसाची तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. अशा मांजराला हात लावलात तर साबणानं हात धुवा, नाहीतर आपल्यालाही खाज सुटते.

पिल्लांचे डोळे चिपडांनी चिकटून बसतात. वेळेवर पाहिलं नाही तर डोळा पांढरा पडतो, कधी जातोही. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून हळूच पुसा आणि डॉक्टरांना दाखवा.

पांढऱ्या तोंडाच्या मांजराला ऊन बाधतं. त्याच्या नाकावर किंवा कानाच्या टोकावर जखम झाली आणि ती भरतच नसेल, तर ते कातडीचं कर्करोगाचं दुखणं असू शकतं. लवकर दाखवलेलं बरं.

एक सूचना सगळ्यांसाठी. मांजर कसंही दिसो, अनोळखी मांजराला पकडायला जाऊ नका. चावलं किंवा ओरबाडलं तर नळाखाली किंवा तांब्यानं पाणी ओतत जखम साबणानं 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. तसेच सरकारी दवाखान्यात जा. पिसाळण्याचा रोग कुत्र्यापासून होतो तसा मांजरापासूनही होतो. रोग सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळजवळ अशक्य. लस वेळेवर आणि पुरी घेतली तर जीव वाचतो.

आणि पोत्याविषयी. जनावराला छळून मारणं, किंवा उपाशी मरेल असं सोडून देणं, हा 1960 सालच्या कायद्यानं गुन्हा आहे. आम्हां चौघा-पाचांना तेव्हा तो ठाऊक नव्हता. आता तुम्हांला ठाऊक झाला.

ते मांजर पुढं शाळेतच राहिलं. त्याला गाडीचा आवाज कळणार नाही, म्हणून पोरांनी रस्त्याकडच्या दाराला खालून फळी ठोकली. डोळे तेज असल्यामुळं उंदीर त्याला बरोबर सापडत.

माझी गोष्ट मात्र इथं संपत नाही.

माझ्या तिसरीच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगा बसायचा. विचारलं तर बोलायचा नाही. हाक मारली तर पाहायचा नाही. मी त्याला हट्टी समजत होतो. छडीनं मारलंही होतं. थाळी वाजवल्याच्या दिवशी रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं पाटीवर लिहीत होती. मी मागं जाऊन उभा राहिलो आणि टाळी वाजवली. सगळी मुलं वळली. तो वळला नाही.

मी त्याच्या वडिलांबरोबर तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. एका कानानं काही ऐकू येत नव्हतं, दुसऱ्यानं थोडं येत होतं. मग मी त्याला पहिल्या रांगेत, बऱ्या कानाच्या बाजूला बसवलं आणि त्याच्याकडं तोंड करून शिकवू लागलो. तो सातवी पास झाला. आधी मारलेल्या छड्या मात्र मला परत घेता आल्या नाहीत.

त्या मुलाचे डोळे काळेभोर होते. त्याच्या तोंडावर काहीच खूण नव्हती. पण माणसांतही काही घराण्यांत जन्मापासून कपाळावर पांढरी बट, एखादा निळा डोळा आणि बहिरेपण अशी गोष्ट एकत्र येते. कारण मांजरासारखंच, रंगाचे कण पोचत नाहीत. असं मूल घरात असेल तर त्याला नावं ठेवू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या. आणि खूण असो वा नसो, जे मूल हाकेला वळत नाही, त्याच्या पाठीमागं एकदा टाळी वाजवून पाहा. मारायचं ते नंतर ठरवा. टाळी वाजवल्यावर मारावंसं वाटणारच नाही.