कर्ज माझ्या नावावर, मीटर कुणाच्या?
(संघाच्या वार्षिक सभेतील भाषण)



छपरावर सोलर बसवायचंय म्हणून कर्जाचे अर्ज आता आपल्या गटांत येऊ लागलेत. चांगली गोष्ट आहे. पण सही करण्याआधी घरात काय बोलून घ्यायचं, तेवढंच मी आज सांगणार आहे.

आधी माझं ऐका. माझी घरघंटी आहे, त्यामुळे लाइट बिल जास्त येतं. म्हणून गटातून कर्ज घ्यायचं ठरवलं. हप्ता दळणाच्या पैशातून मीच फेडणार. अर्ज भरायला बसले, तर मीटर सासऱ्यांच्या नावावर! ते जाऊन सहा वर्षं झाली. दर महिन्याला बिल भरत होतो, पण नाव कुणी वाचलंच नाही. आधी मीटर नावावर करून घ्या, मग सोलरचा अर्ज करा, असं उत्तर मिळालं.

मग प्रश्न आला, नाव कुणाचं लावायचं? सगळे धरूनच चालले होते की यांचंच. मी म्हटलं, "हप्ता माझा आहे ना?" दोन दिवस घरात कुणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सासूबाईच म्हणाल्या, "फेडणार ती, तर नाव तिचंच लावा." घराच्या उताऱ्यावर आम्हा दोघांची नावं आधीच होती, वारसांनी सह्या दिल्या, म्हणून ते जमलं.

नावाचा एवढा हट्ट कशाला? कारण अनुदान वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं. कर्ज तुमचं आणि अनुदान दुसऱ्याच्या खात्यात, असं झालं तर ते पैसे कर्जात भरले जातील की दुसरीकडे जातील, हे आधीच ठरवायला हवं.

आता हिशोब. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण ते पॅनेल बसून, नेट मीटर लागून, तपासणी झाल्यावर मिळतं. तोवरची रक्कम आपल्यालाच उभी करावी लागते. कर्ज मागताना हे धरून मागा.

१ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. चांगलं ऊन असेल तर दिवसाला चारेक युनिट, म्हणजे महिन्याला १०० ते १२० युनिट वीज मिळते. पावसाळ्यात कमी. जास्तीची वीज लाइनीत जाते आणि बिलातून वजा होते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. तुमचं बिल मुळातच ४०-५० युनिटचं असेल, तर घाई करू नका. पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.

अजून एक. साध्या सोलरला बॅटरी नसते. लाइट गेली की भर उन्हातसुद्धा ते बंद पडतं. लाइनीवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोय केलेली असते. माझी घरघंटी आजही लाइट गेली की थांबते. "लाइट जाणारच नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बॅटरी हवी असेल तर तिचा खर्च वेगळा.

बॅटरीच्या स्कूटीचंही तसंच आहे. पुरती चार्ज करायला बऱ्याच गाड्यांना तीनेक युनिट लागतात, पेट्रोलपेक्षा ते स्वस्तच पडतं. पण गाडी कुणाच्या नावावर? सकाळी ती कोण नेणार? तुम्ही चालवायला शिकणार का? हप्ता तुमचा आणि बाजारला जायला मात्र वडापची वाट बघायची, असं नको.

म्हणून माझी विनंती आहे. पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीने लाइट बिल घेऊन यायचं. नाव कुणाचं आहे आणि वर्षभराचे युनिट किती, हे आपण मिळून वाचू. आणि सोलरचं कर्ज मंजूर करण्याआधी गटाने तिला तीन गोष्टी विचाराव्यात: मीटर कुणाचं, अनुदान कुणाच्या खात्यात, हप्ता कशातून?

घरात दोन दिवस अबोला झाला तरी चालेल, तायांनो. पाच वर्षं हप्ते भरून मनात सल राहण्यापेक्षा तो बरा.