पंगत उठल्यावर

वाटेवर अन्नदान करणारा दाता आपल्याला देवासारखा. त्यानं थर्माकोलच्या ताटात वाढलं तर नको कसं म्हणावं? अन्नाला न्हाई म्हणता येत न्हाई. म्हणून आम्ही दिंडीत ठरवलं, आपली थाळी-वाटी पडशीत ठेवायची आणि हात जोडून म्हणायचं, माउली, हितं वाढा. दात्याचा मान ऱ्हातो.

सरकारनं २०१८ साली या ताट-वाट्यांवर बंदी घातली, तरी कुठं कुठं दिसतातच. पंगत उठली की खरकट्याच्या वासानं गाय येती अन् ताटासकट चावती. ते पोटात पचत न्हाई. पेटवलं तर काळा इखारी धूर. पळसाची पत्रावळ उकिरड्यात कुजून खत होती, ह्याचे नुसते तुकडे होतात अन् नांगरामागं रानभर पसरतात. गोरोबाकाकांचं तेर आपल्याच जिल्ह्यात, कुंभाराच्या मडक्याची फुटकी खापरी तरी मातीचीच असती. भंगारवाला थर्माकोल घेत न्हाई, पोतंभर भरलं तरी वजन काय? आत सगळी हवा.

पण हवा हाय म्हणूनच त्याची पेटी गारवा धरती. औषधांच्या दुकानातली रिकामी पेटी मागून आणा, धुवा. साखरेचा आजार असलेल्या माळकऱ्यांचं इन्सुलिन वाटेत त्यात ठेवा. बर्फाला मात्र चिकटू देऊ नका, मधी फडकं घाला, गोठलं की औषध वाया. टीव्हीच्या खोक्यातले जाड तुकडे ट्रकात पखवाजाच्या बाजूनं लावा, खड्ड्यात धक्का बसत न्हाई. पंढरपुरात टाकू नका, गावी परत आणा, पुढल्या वारीला तेच चालतात.